फरशी न फोडता बाथरूम नवं करताना

बाथरूम जुनाट दिसायला लागलं की घरात पहिलं वाक्य उमटतं, "एकदा टाइल्सच बदलून टाकू." मिस्त्री अर्थातच हो म्हणतो. पण फरशी फोडली की तिच्याखालचा विटांचा कोबा आणि वॉटरप्रूफिंगही दुखावतं. ते नीट पुन्हा केलं नाही तर पुढच्या पावसाळ्यात खालच्या फ्लॅटच्या छताला ओल दिसते आणि नवं दुखणं सुरू होतं. बहुतेक बाथरूममध्ये टाइल धडधाकट असते. काळे पडलेले सांधे, नळावरचा पांढरा थर, बेसिनभोवतीचं पिवळं सिलिकॉन, छतावरची बुरशी आणि आरशात चेहऱ्यावर सावली पाडणारा एकुलता एक दिवा, यांच्यामुळे ते जुनं दिसतं. हे सगळं हातोड्याशिवाय बदलता येतं.

पुढचा हिशोब आपल्याकडच्या सर्वसाधारण फ्लॅटमधल्या ५ बाय ७ फुटांच्या बाथरूमचा आहे: भिंतीला ७ फुटांपर्यंत टाइल, पाणी बोअरचं किंवा टँकरचं, हवा जायला डक्टकडे एक लूव्हरची (आडव्या तिरप्या काचांची) खिडकी. काम दोन शनिवार-रविवारांत बसतं, पण क्रम चुकवू नका. आधी गळती शोधायची, मग छत, मग सफाई, मग सांधे आणि शेवटी नळ, आरसा, कड्या. उलट केलं तर नव्या नळावर छताचा चुना पडतो आणि नव्या सांध्यांवर ॲसिड.

पैसे काढण्याआधीच्या तीन चाचण्या

फरशीवर मगभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. ७ फुटांच्या लांबीत न्हाणी ट्रॅपकडे (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडाकडे) साधारण इंचभर उतार असायला हवा. एखाद्या कोपऱ्यात तळं साचत असेल तर तो सांधा कितीही चांगला भरला तरी पुन्हा काळा पडणार, हे आधीच माहीत असलेलं बरं. तिथे रोज वायपर फिरवणं हाच उपाय. थोड्याशा उतारासाठी फरशी उखडणं परवडत नाही.

दुसरी चाचणी नाण्याची. प्रत्येक टाइलवर नाणं वाजवा. बद्द, पोकळ आवाज आला तर त्या टाइलखाली माल नाही. टाइल हलत नसेल तर खडूने खूण करून सोडून द्या, पण तिथे ड्रिल मारायचं नाही. हलत असेल तर तेवढी एक टाइल काढून टाइल ॲडहेसिव्हने बसवा, साध्या सिमेंटने नको.

खालच्यांची ओलीची तक्रार असेल तर तिसरी चाचणी टाळू नका. प्लास्टिकच्या पिशवीत कापड कोंबून ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करा, उंबरठ्याच्या आत इंचभर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि २४ तास कोणालाही आत सोडू नका. दोन-तीन मिलिमीटर पाणी हवेत उडतं. त्याहून जास्त उतरलं तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपची कड गळते आहे. पाणी तसंच राहिलं आणि तरीही खाली ओल वाढत असेल, तर संशय भिंतीतल्या पाइपवर घ्यायचा. ते काम प्लंबरचं. ते होईपर्यंत बाकी सगळं थांबवा.

छत आणि बुरशी

छतावरचे काळे ठिपके कोरडे खरवडू नका, बुरशीची भुकटी घरभर उडते. एक मग द्रव ब्लीच, पाच मग पाणी असं मिश्रण करून स्पंजने छताला लावा. १५ मिनिटांनी पुसा, मग साध्या पाण्याने पुन्हा पुसा. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, खिडकी सताड उघडी. त्यानंतर पोपडे पुट्टीच्या पट्टीने काढा आणि पंखा लावून दोन दिवस वाळू द्या.

रंग लावताना आतल्या भिंतींचा साधा डिस्टेंपर नको, तो ओल धरतो आणि सहा महिन्यांत पोपडे सुटतात. बाहेरच्या भिंतींसाठीचं ॲक्रिलिक इमल्शन घ्या. त्यात बुरशी आणि शेवाळ रोखणारं औषध आधीच घातलेलं असतं. ३५ चौरस फुटांच्या छताला प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन हात द्यायला १ लिटरचा डबा पुरून उरतो. पीओपीचं फॉल्स सीलिंग बाथरूममध्ये करू नका. पीओपी जिप्समचं असतं आणि जिप्सम पाणी पितं. पाइप झाकायचेच असतील तर पीव्हीसीच्या पट्ट्या लावा आणि प्लंबरचा हात जाईल एवढी झडप ठेवा.

क्षार काढण्याआधी दगड ओळखा

बोअरच्या पाण्यातला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो ॲसिडने विरघळतो. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण आपल्या बाथरूममध्ये ॲसिडने विरघळणाऱ्या इतरही वस्तू असतात. शहाबादी फरशी, कोटा, कडाप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवरही त्याच कुळातला. बऱ्याच फ्लॅटमध्ये बाथरूमचा उंबरठा संगमरवरी आणि बेसिनखालची फळी कडाप्प्याची असते. त्यावर ॲसिडचा थेंब पडला की बुडबुडे येतात आणि तिथली चकाकी कायमची जाते. दगड ओळखता येत नसेल तर दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि दोन मिनिटं बघा. फेस आला किंवा डाग फिका झाला तर त्या दगडापासून लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर सगळंच दूर ठेवा. ग्रॅनाइट आणि सिरॅमिक टाइलला ही भीती नाही.

दुसरा बळी सांध्यांतल्या सिमेंटचा. हार्डवेअरच्या दुकानात बाटलीत मिळणारं पिवळट ॲसिड टाइल चमकवतं खरं, पण त्याच वेळी सांध्यांतलं सिमेंट खातं. घरातली एखादी मावशी दर दिवाळीला "ॲसिड मारून" बाथरूम धूत असेल, तर सांधे खोल गेलेत आणि पाणी मुरतंय याचं कारण बहुधा तेच. ते ॲसिड क्रोमचा मुलामाही उडवतं. घरात आणूच नका.

त्याऐवजी १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा. किराणा दुकानात ते लिंबूसत्त्व म्हणून सुटं मिळतं. त्याआधी मात्र भांड्यांच्या साबणाने टाइल एकदा घासून घ्या, कारण वर बसलेला साबणाचा चिकट पापुद्रा ॲसिडला आत जाऊ देत नाही. बऱ्याच जणांची तक्रार असते की व्हिनेगर चालत नाही. त्यांनी ही साबणाची पायरी गाळलेली असते.

सांधे आधी साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे ते द्रावण शोषणार नाहीत. मग द्रावण टाइलवर फवारून १० मिनिटं थांबा, नायलॉनच्या घासणीने घासा, भरपूर पाण्याने धुवा. नळांसाठी जुनं सुती फडकं द्रावणात भिजवून नळाभोवती गुंडाळा आणि २० मिनिटांनी काढा. त्याहून जास्त वेळ नको. शॉवरच्या तोंडाला द्रावण भरलेली पिशवी रबराने बांधा आणि अर्ध्या तासाने टाचणीने भोकं मोकळी करा. काळ्या किंवा सोनेरी कोटिंगच्या फिटिंगला यातलं काहीच नाही, फक्त ओलं फडकं आणि सौम्य साबण. तारेची घासणी तर कुठेच नको. तिचे तुकडे सांध्यात अडकतात आणि गंजाचे डाग पडतात.

पिवळट-तपकिरी डाग असतील तर ते पाण्यातल्या लोहाचे. त्यांवर ब्लीच टाकलं तर डाग आणखी पक्का होतो. त्यालाही सायट्रिक ॲसिडच, दोन-तीनदा.

आणि हे ठळक अक्षरांत लिहून दाराला चिकटवण्यासारखं: ब्लीच आणि ॲसिड एकत्र येता कामा नये. टॉयलेट क्लीनर हेही ॲसिडच असतं. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि खिडकी बंद असलेल्या एवढ्याशा खोलीत तो जिवावर बेतू शकतो. छताचं ब्लीच एका दिवशी, क्षारांचं काम दुसऱ्या दिवशी, मधे भरपूर पाणी.

सांधे: अर्धं काम इथेच आहे

फक्त एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर तो इथे करा. फरशीचे आणि भिंतीच्या खालच्या फुटभर पट्टीचे सांधे नवे झाले की बाथरूम नवं दिसतं आणि खाली मुरणारं पाणीही पुष्कळ कमी होतं.

मिस्त्री सहसा काळ्या सांध्यांवर व्हाइट सिमेंट चोळून देतो. दोन दिवस छान दिसतं. पण कागदाएवढ्या जाडीचा तो थर साबणाच्या पाण्यात सुटतो आणि खालचा काळा पुन्हा वर येतो. जुना माल निदान ३ मिलिमीटर खोल काढल्याशिवाय नवा धरत नाही.

इथे एक आपल्याकडची अडचण आहे. जुन्या इमारतींत टाइलला टाइल चिकटवून बसवलेली असते, मधे फट अशी नसतेच. एवढ्या केसभर जागेत एपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा माल) शिरत नाही. अशा वेळी ४ इंची कटरला पातळ डायमंड ब्लेड लावून फट २ मिलिमीटर रुंद करून घ्यावी लागते. हात बसलेल्या माणसाकडूनच हे करून घ्या. ब्लेड घसरलं तर टाइलच्या कडेचं ग्लेझ उडतं आणि ते झाकता येत नाही. कापण्याची खोली ३ मिलिमीटरच, कारण भिंतीची सिरॅमिक टाइल बऱ्याचदा ६ ते ८ मिलिमीटरच जाड असते. कोपऱ्यांत ब्लेड पोहोचत नाही, तिथे हातातला कार्बाइड स्क्रॅपर. धूळ भयंकर होते, तेव्हा मास्क लावा आणि दाराला ओली चादर टांगा. फट आधीपासून ३ मिलिमीटर असेल तर सगळं काम स्क्रॅपरनेच होतं. वेळ लागतो, पण टाइल वाचते.

माल किती लागेल? १ बाय १ फुटाच्या टाइलमध्ये दर चौरस फुटामागे साधारण २ फूट सांधा येतो. ३५ चौरस फुटांच्या फरशीत ७० फूट, म्हणजे २१ मीटर. ३ मिलिमीटर रुंद आणि तेवढेच खोल सांधे धरले तर एपॉक्सी ग्राउट ३०० ग्रॅमच्या आसपास लागतं, आणि भिंतीच्या फुटभर पट्टीला आणखी २०० ग्रॅम. वाया जाणारं धरून १ किलोचा पॅक पुरतो. दुकानदार ५ किलोचा डबा पुढे करेल, तो नको.

एपॉक्सी ग्राउटमध्ये तीन भाग असतात: रेझिन, हार्डनर आणि भुकटी. आधी रेझिन आणि हार्डनर एकजीव करायचं, मग भुकटी घालायची. अर्धा पॅकच वापरायचा असेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पॅकवर छापलेल्या प्रमाणात तोला. अंदाजाने घातलं तर एक तर ते वाळतच नाही किंवा हातातच दगड होतं. मिसळल्यावर हाताशी साधारण अर्धा-पाऊण तास असतो, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहूनही कमी. म्हणून एका वेळी एक तृतीयांश माल कालवा आणि दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करा.

सांधे आतपर्यंत कोरडे हवेत. खरवडल्यावर धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, पाण्याने धुऊ नका. धुतलंच तर २४ तास पंखा लावा, पावसाळ्यात ४८. रबरी पट्टीने माल सांध्यात तिरपा दाबत न्यायचा, सांध्याच्या रेषेत सरळ ओढायचा नाही. सरळ ओढली की पट्टी भरलेला माल बाहेर उपसते. हात-दोन हात सांधा भरला की टाइलवरचा जास्तीचा माल लगेच खरवडून घ्या. १५-२० मिनिटांनी पाण्यात बुडवून पिळलेल्या नायलॉन घासणीने गोल-गोल हलक्या हाताने फिरवा आणि लगेच स्पंजने पुसा. खूप पाणी घेतलं तर सांधा धुपतो. कमी घेतलं तर टाइलवर धुरकट चिकट थर राहतो आणि दुसऱ्या दिवशी तो काढता काढता नाकीनऊ येतात. खडबडीत अँटी-स्किड टाइल असेल तर आधी एका टाइलवर करून बघा. तिच्या खाचांत एपॉक्सी अडकतं. अशा फरशीला सांध्याच्या दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावून मगच भरायचं.

रंग फिकट राखाडी घ्या. पांढरं एपॉक्सी वर्ष-दोन वर्षांत पिवळसर होतं आणि बोअरच्या पाण्यात आणखी लवकर. काम झाल्यावर २४ तास पाणी नाही, आणि गरम पाणी, साबण, घासणं पॅकवर दिलेल्या मुदतीनंतर. घरात एकच बाथरूम असेल तर शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आंघोळी आटोपून काम सुरू करा. रविवारच्या आंघोळीची सोय शेजारी नाहीतर मामाकडे.

सिलिकॉनची जागा वेगळी. दोन निराळ्या वस्तू जिथे भेटतात आणि थोड्या हलतात, तिथे ते लागतं: बेसिन आणि भिंत, कमोड आणि फरशी, खिडकीची चौकट. जुनं सिलिकॉन ब्लेडने मुळापासून काढा. जुन्यावर नवं चिकटत नाही, ही एकच गोष्ट न पाळल्यामुळे बहुतेक सिलिकॉन महिन्याभरात सुटतं. दगडाला न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन संगमरवराला डाग पाडतं. ट्यूबवर सॅनिटरी किंवा अँटी-फंगल लिहिलेलं हवं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, नोझल ५ मिलिमीटरवर तिरपं कापा, एका दमात रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने सपाट करा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा. २८० मिलिलिटरच्या ट्यूबमधून १० मीटरच्या आसपास रेघ निघते. कमोडच्या पायाला मात्र पुढून आणि बाजूंनीच भरा, मागे दोन बोटं जागा मोकळी ठेवा. आत जोड गळायला लागला तर पाणी तिथून बाहेर येऊन कळतं. सगळीकडून बंद केलं तर ते थेट खालच्यांना कळतं.

वास

फिनाइल ओतून वास जात नाही, थोडा वेळ दडतो. न्हाणी ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहायला हवं, तेच गटाराच्या हवेला अडवतं. जाळी काढा, केसांचा गोळा हुकने ओढा, बॅटरी मारून पाणी दिसतंय का बघा. जुन्या बिडाच्या ट्रॅपमध्ये आत एक उलटी वाटी असते. सफाईवाल्याने ती पाणी लवकर जावं म्हणून काढून ठेवलेली असते आणि वास नेमका तेव्हापासून सुरू झालेला असतो. ती परत बसवा. गावाला जाताना ट्रॅपमध्ये मगभर पाणी आणि वर चमचाभर खोबरेल तेल टाका, पाणी उडून जायला वेळ लागतो. पीव्हीसीच्या पाइपात उकळतं पाणी ओतू नका, पाइप मऊ पडतो.

दुसरी जागा बेसिनखाली. वेस्ट पाइप फरशीतल्या भोकात नुसताच सोडलेला असतो, आणि झुरळं तिथूनच वर येतात. त्या भोकाला बसणारी रबरी रिंग हार्डवेअरमध्ये मिळते.

नळ, शॉवर, फ्लश

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला किमान ४ लिटर पाणी घालवतो आणि खाली क्षारांचा डाग पाडतो. नळ बदलायची गरज क्वचितच असते. बाथरूमचा मुख्य वॉल्व्ह बंद करा, नळावरची लाल-निळी टिकली काढा, आतला स्क्रू सोडवा, मूठ ओढा आणि पान्याने स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा) उलट फिरवून बाहेर काढा. तो तसाच दुकानात न्या. कंपनीगणिक आटे आणि दात्यांची संख्या बदलते, नुसतं "अर्ध्या इंचाचा द्या" म्हणून भागत नाही. मूठ तीन-चार वेळा फिरवावी लागत असेल तर आत रबरी वॉशर आहे आणि काही रुपयांत काम होतं. पण नळाच्या आतल्या बैठकीवर चर पडली असेल तर नवा वॉशरही गळणार, बोट फिरवून बघा. अर्ध्या वळणात बंद होणाऱ्या नळात सिरॅमिकचा स्पिंडल असतो. त्यात टँकरच्या पाण्यातली वाळू अडकली की तो चरतो.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची. आट्याचं तोंड आपल्याकडे धरलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, १० ते १२ वेढे. उलट गुंडाळली तर बसवताना ती सुटून गोळा होते. कनेक्शन पाइपच्या टोकाला रबरी वॉशर असतो, तिथे टेप लावायची नाही आणि पान्याने आवळायचंही नाही. हाताने घट्ट आणि वर पाव वळण, बस. प्लॅस्टिकचं नट जास्त आवळल्यामुळे फुटतं, आणि फुटतं ते रात्री.

शॉवर घेताना सगळ्यात मोठी फसगत होते. १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाने १ बार दाब मिळतो. शेवटच्या मजल्यावर गच्चीतली टाकी शॉवरच्या वर जेमतेम ३ मीटर असते, म्हणजे दाब ०.३ बार. तिथे जाहिरातीतला ८ इंची रेन शॉवर लावला तर पाणी पडत नाही, ठिबकतं. २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. ३ मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर मिनिटाला ७ लिटरही येत नाही. अशा घरात ४ इंची, बारीक भोकांचा शॉवर घ्या आणि खोक्यावर छापलेला किमान दाब वाचून घ्या. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हवा तो लावावा.

फ्लशची टाकी गुपचूप गळते का हे बघायला रात्री तिच्यात कपड्यांच्या निळीचे दहा थेंब टाका आणि फ्लश करू नका. सकाळी कमोडमध्ये निळं दिसलं तर टाकीच्या तळाचं रबर बदला. पाणी वरच्या नळीतून वाहत असेल तर फ्लोट बोटभर खाली करा.

जेट स्प्रेचा अँगल कॉक (भिंतीतून त्याच्या पाइपला पाणी सोडणारा छोटा नळ) वापरून झाल्यावर दर वेळी बंद करायची सवय घरात लावा. कायम दाबाखाली राहिलेला तो पाइप कधीतरी फुटतो, आणि तेव्हा घरी कोणी नसेल तर पाणी हॉलपर्यंत येतं.

भिंतीला भोक पाडताना

नळाच्या सरळ वर आणि सरळ खाली, तसंच दोन अँगल कॉकच्या मधल्या आडव्या रेषेत भिंतीत पाइप आहे असं धरूनच चाला. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत आणि फरशीत भोक नाहीच. जमलं तर टाइलच्या ऐवजी सांध्यात भोक पाडा. टाइलमध्येच पाडायचं असेल तर वर मास्किंग टेपची फुली लावा, टाइलचं ६ मिलिमीटरचं बिट घ्या, ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवा आणि हळूहळू जा. टाइल पार झाल्यावर साधं बिट आणि हॅमर. गिट्टी (स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची नळी) टाइलच्या पाठीमागे भिंतीत गेली पाहिजे. ती टाइलमध्येच राहिली तर स्क्रू आवळताना टाइल तडकते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे.

घरात आजी-आजोबा असतील तर आरशाआधी कमोडजवळच्या पकडकडीवर खर्च करा. जमिनीपासून साधारण ८० सेंटीमीटरवर, हातात नीट मावणाऱ्या ३२ मिलिमीटर जाडीची. टॉवेलची दांडी पकडायला म्हणून कधीही धरून चालू नका, ती माणसाचं वजन पेलत नाही. भिंत हलक्या सच्छिद्र ब्लॉकची असेल तर साधी गिट्टी उपटून येते. त्यासाठी केमिकल अँकर (भोकात रेझिन भरून पक्का केलेला बोल्ट) लागतो आणि तो माहीतगाराकडूनच लावून घ्यावा.

वीज, हवा, उजेड

२ किलोवॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचाच पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरंखुरं अर्थिंग हवं. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बाकी सगळ्या सजावटीआधी तो बसवून घ्या, आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. बोअरचं पाणी असेल तर साठवणीच्या गीझरमधला मॅग्नेशियमचा रॉड वर्षा-दोन वर्षांनी तपासायचा असतो. तो झिजून संपला की टाकी झिजायला लागते.

बुरशी परत येऊ नये असं वाटत असेल तर एक्झॉस्ट पंख्याला पर्याय नाही. ५ बाय ७ बाय ८ फूट म्हणजे २८० घनफूट हवा. ती तासाला दहा वेळा बदलायची तर ताशी ८० घनमीटर पुरतं, म्हणजे साधा ६ इंची पंखा भरपूर झाला. लूव्हरच्या वरच्या दोन काचा काढून तिथे पत्र्यावर तो बसतो. बाहेरून जाळी लावा, नाहीतर डक्टमधली कबुतरं आत घरटं करतात. आंघोळ झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं तो चालू ठेवायचा. छताला मधोमध दिवा असला की आरशात चेहऱ्यावर सावली पडते. आरशाच्या वर किंवा दोन्ही बाजूंना ४००० केल्विनचा एलईडी लावा, शिंतोडे झेलणारा, म्हणजे आयपी ४४ छापलेला. आरसा पुसताना पाणी फडक्यावर घ्यायचं, आरशावर फवारायचं नाही. ते खालच्या कडेत उतरतं आणि कडा काळ्या पडतात.

पंख्याला आत येणारी हवाही हवी, नाहीतर तो नुसताच फिरतो. दाराखाली अर्धा इंच फट असली की काम भागतं. लाकडी फ्लश डोअरचा तळ फुगलेला असेल तर दोन्ही दुखणी एकदम मिटतात. दार उतरवून दोन दिवस वाळवा, खालचा कुजलेला अर्धा इंच कापून टाका आणि कापलेल्या कडेला प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. बहुतेक सुतार ही खालची कड कोरीच सोडतात आणि पाणी तिथूनच वर चढतं. मग आतल्या बाजूने ९ इंच उंचीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सिलिकॉनवर बसवून स्टेनलेसच्या स्क्रूंनी आवळा. पत्र्याची वरची कडही सिलिकॉनने बंद करायची, नाहीतर दारावरून ओघळणारं पाणी पत्र्यामागे जाऊन साचतं.